शीतलचा परिच्छेद, सरपंचांचा स्वेटर

हसायचं तर सांगून झाल्यावर हसा. मध्येच हसलात तर पुढचं सांगायचा मला धीर होत नाही, आणि खरी माती तर मी पुढंच खाल्लीय. आधी चहा येऊ द्या.

तर मी इंग्रजीचा मास्तर. सोनईच्या अलीकडे आमचं गाव, तिथल्या हायस्कूलमध्ये मी गेली कित्येक वर्षं पोरांना इंग्रजी परिच्छेद लिहायला शिकवतोय. फळ्यावरचं माझं सांगणं ठरलेलं. एका परिच्छेदात एकच विषय. मुद्दा पहिल्याच वाक्यात. मग त्याला दोन-चार वाक्यांचा आधार, शेवटी एक गाठ मारायची, आणि उठायचं. गावातलं कुठलंही पोर झोपेतून उठवा, हे धडाधड म्हणून दाखवील. लिहून दाखवील का, ते मला विचारू नका.

एवढ्यावर भागलं असतं तर मी सुखात होतो. पण गावात मला आणखी एक नोकरी आहे, बिनपगारी. मी गावचा सूत्रसंचालक. शाळेचं गॅदरिंग असो, सोसायटीची सभा असो, कुणाच्या नव्या ट्रॅक्टरची पूजा असो, माईक माझ्या हातात. लोकांना वाटतं, बोलणं अवघड असतं. अहो, बोलणं काय, कुणीही बोलतं. नावं घेणं अवघड. कुणाचं आधी, कुणाचं मागून, कुणाला 'माननीय' आणि कुणाला 'सन्माननीय'. एकदा आभार मानताना सोसायटीच्या व्हाइस चेअरमनचं नाव माझ्याकडून राहिलं. त्यांनी वर्षभर माझ्याकडं मान वर करून बघितलं नाही, आणि पाटाच्या पाण्याची माझी पाळी नेमकी आमच्या घरच्या लग्नांच्या दिवशी यायला लागली. तेव्हापासून माझ्या अंगात ते मुरलंय. आधी नावं, मग काम.

हे लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ इथूनच झाला.

आमच्या शेजारच्या रामदासची मुलगी शीतल. माझीच विद्यार्थिनी. डेअरीचा डिप्लोमा करून घरी आली आणि बापाचा सगळा गोठा तिनं हातात घेतला. गाय कान कसे धरते एवढं बघून पोरगी सांगते, ही उद्या आजारी पडणार. गावात डॉक्टर यायच्या आधी लोक शीतलला हाक मारतात. तर या पोरीनं मोबाईलवर कुठून तरी शोधून काढलं, की हॉलंडमधल्या एका मोठ्या गोठ्यावर सहा महिन्यांचं शिक्षण आहे. जाणं-येणं, राहणं, सगळं त्यांच्याकडून.

पण त्यांची पद्धत मोठी विचित्र. उमेदवारानं स्वतः अर्ज करायचाच नाही. गावातल्या एखाद्या शिक्षकानं गाईगुरांचं काम करणारा एक होतकरू तरुण माणूस सुचवायचा. त्यासाठी मोबाईलवर एक चौकट येणार, तिच्यात मावेल असा इंग्रजीत एकच परिच्छेद लिहायचा. स्पष्ट, मुद्देसूद. तो परिच्छेद आवडला तर ते उमेदवाराशी व्हिडीओवर बोलणार.

शीतल तो फोन घेऊन माझ्या ओट्यावर आली. मागोमाग रामदास.

"मास्तर," रामदास म्हणाला, "पोरीच्या डोक्यात हे हॉलंड बसलंय. मी न्हाई म्हनत न्हाई. पन पुनतांब्याचं स्थळ आलंय. मानसं चांगली हायेत, पन त्यांना घाई हाय. हे जमलं तर जाऊ दे हिला, मी त्यांना न्हाई म्हनून सांगतो. न्हाई जमलं तर मातूर मी सुपारी फोडनार."

बाप चप्पल घालून खाली उतरल्यावर शीतल म्हणाली, "सर, आता तुमच्या परिच्छेदावर आहे सगळं."

"अगं, मग काळजी कसली करतेस? आयुष्यभर दुसरं केलंय काय मी?"

हे वाक्य मी किती ऐटीत बोललो, ते आठवलं तरी आजही कानशिलं तापतात.

रविवारी सकाळी आंघोळीच्या आधी बसलो लिहायला. पहिलं वाक्य झकास आलं. 'शीतलला गाईची भाषा कळते.' मुद्दा पहिल्याच वाक्यात. शाबास, मी मलाच म्हणालो. आणि दुसरं वाक्य लिहायला बोट उचललं तर हात तिथंच अडकला.

मनात आलं, गावाचं नाव पहिल्यांदा समुद्रापार चाललंय, आणि त्यात सरपंचांचं नाव नाही? उद्या हे त्यांच्या कानावर गेलं तर? गावात काय कानावर जायचं राहतं का? आणि मला पाटाचं पाणी आठवलं.

आमचे सरपंच भाऊसाहेब. साठीला टेकलेत, पण माणूस सोन्यासारखा. कुणाची म्हातारी आजारी पडली तर स्वतःची गाडी काढणार. गोठ्यात सहा-सात गाई आहेत, पण भाऊसाहेबांना गोठ्यात शिरताना कुणी बघितलेलं नाही. गोठा वहिनी बघतात. आता अशा माणसाला खाली कसं घालायचं? म्हणून शीतलचं वाक्य खाली सरकवलं आणि वर सरपंचांना बसवलं.

काय लिहिलं? आपल्या फ्लेक्सवर जे लिहितात तेच की हो. तरुण, तडफदार, उगवतं नेतृत्व. गाईंसाठी रात्रंदिवस झटणारे, दुग्धव्यवसायाचे आधारस्तंभ. आपल्याकडं फ्लेक्सवर कुणाचं वय होतं का? नातवंडांची लग्नं झाली तरी माणूस 'युवा नेता' असतो. मी ते जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. 'यंग अँड डायनॅमिक.' इंग्रजीत ते आणखीच भारी दिसलं.

सरपंच आले म्हटल्यावर डेअरीचे चेअरमन आले. चेअरमन आले म्हटल्यावर सोसायटीचे व्हाइस चेअरमन, कारण त्यांना मी आता जन्मात विसरणार नव्हतो. मग आमचे हेडमास्तर, मग शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. एकेकाला हार घालावा तसं एकेक वाक्य घालत गेलो. प्रत्येक वेळी शीतलचं वाक्य एक घर खाली. शेवटी तिच्यासाठी लिहिलं, 'मिस शीतल ऑल्सो', म्हणजे मिस शीतलसुद्धा, आणि पुढं तिचे सगळे गुण. गाईची भाषासुद्धा तिथंच कुठंतरी होती. पण चौकट भरली होती. 'ऑल्सो'च्या पुढचं सगळं त्या मोबाईलनं गिळलं. ते मी बघितलंच नाही. पाठवायचं बटण दाबलं आणि टॉवेल घेतला.

आतून बायकोनं विचारलं, "झालं का हो पोरीचं लिहून?"

"झालं," मी म्हटलं. "कुणीसुद्धा नाराज होणार नाही असं लिहिलंय."

पंधरवडा गेला असेल. संध्याकाळी मी दूध घालायला डेअरीवर उभा होतो. रांगेत निम्मं गाव, शीतलही किटली घेऊन मागं उभी, आणि सरपंच काट्यापाशी कुणाची तरी समजूत घालत होते. तेवढ्यात माझा फोन वाजला. उघडून बघतो तर हॉलंड. पहिल्या दोन शब्दांतच कळलं की आनंदाची बातमी आहे.

आता शहाण्या माणसानं काय करावं? आधी मनात वाचावं. पण माईकची सवय. समोर एवढी माणसं उभी, हातात बातमी, मग मी गप्प बसतोय होय? मी घसा साफ केला आणि मोठ्यानं, एकेक वाक्य मराठी करून वाचायला लागलो.

"ऐका, ऐका. हॉलंडहून पत्र आलंय. 'आपला परिच्छेद आम्ही आवडीने वाचला. आपण सुचवलेल्या तरुण उमेदवाराच्या कामाने आम्ही प्रभावित झालो. गाईंसाठी रात्रंदिवस झटणाऱ्या या उमेदवाराशी आम्हाला बोलायचं आहे. तरी आपण येत्या गुरुवारी...'" इथं मी शीतलकडं बघून हसलो, तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं, आणि पुढचे शब्द वाचले. "'...मिस्टर भाऊसाहेब यांना व्हिडीओवर हजर ठेवावं.'"

काटा चालवणारा पोऱ्यासुद्धा थांबला.

"कुनाला?" सरपंच म्हणाले.

मी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. नाव काही बदलेना.

"भाऊसाहेबांना," मागून कुणीतरी ओरडलं, "आपल्या भाऊसाहेबांना हॉलंडचं बोलावनं आलंय." आणि मग टाळ्या. चेअरमननी रांगेतल्या कुणाच्या तरी खांद्यावरचं उपरणं ओढून सरपंचांच्या गळ्यात घातलं. मला त्या गर्दीत एकच माणूस दिसत होतं. शीतलनं किटली उचलली आणि दूध न घालताच ती घराकडं चालायला लागली.

तासाभरानं ओट्यावर आली. रडली नव्हती, ते जास्त वाईट. म्हणाली, "सर, तुम्ही काय लिहिलंत ते दाखवा."

मी दाखवलं. तिनं सगळं वाचलं, अगदी शेवटच्या 'ऑल्सो'पर्यंत. मग फोन माझ्या हातात दिला.

"सर, वर्गात काय शिकवलं होतंत?"

"एका परिच्छेदात एक विषय," मी खाली मान घालून म्हणालो.

"मग?"

"विषय एकच होता गं. वाटेत पाहुणे वाढत गेले."

"पुणतांब्याची माणसं सोमवारी येताहेत, सर."

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, जायचं आणि सरपंचांना खरं सांगून टाकायचं. मीही तेच ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो, आणि वेशीवरच पाय थबकले. सोनईच्या फ्लेक्सवाल्या सलीमभाईनं रात्रीत फ्लेक्स लावला होता. दोन मजली सरपंच, मागं विमान, बाजूला एक काळी-पांढरी गाय. वर लिहिलेलं, 'युवा नेतृत्व भाऊसाहेब यांची हॉलंड दौऱ्यासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुकांच्या रांगेत पहिला फोटो कुणाचा? माझा. हात जोडून.

तरी गेलो. सरपंचांच्या घरी वहिनींनी पलंगावर सामान मांडलेलं. लोकरीचा जाडजूड स्वेटर, कानटोपी, चकल्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी. भाऊसाहेब कडेला खुर्चीत बसले होते, त्या स्वेटरकडं बघत.

"या मास्तर. तिकडं थंडी लई असती का हो?"

मला वाटलं, हीच संधी आहे. सरळ सांगायचं धाडस नाही, तर भीती तरी घालू. "थंडी?" म्हटलं. "बर्फ असतो साहेब. दाराबाहेर. आणि पहाटे चारला उठून गोठ्यातलं शेण स्वतः काढायचं. नोकर नाही, चाकर नाही."

भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. "स्वतः?"

"स्वतः. आणि जेवायला पाव. सकाळी पाव, दुपारी पाव. भाकरीचं नाव नाही."

मला वाटलं, आता म्हणतील, मग राहू द्या. पण त्यांनी खिडकीतून वेशीवरच्या फ्लेक्सकडं बघितलं, मोठा श्वास घेतला आणि म्हणाले, "गावासाठी जायाला पायजे, मास्तर. तुमी माझं येवढं नाव केलं, आता मागं सरून कसं चाललं?"

आणि त्यांनी मला पेढा दिला. तो पेढा माझ्या घशाखाली कसा उतरला, माझं मला माहीत.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "नाराज कुणी होणार नाही म्हणाला होतात ना? मग त्या पोरीची गणती कुणात केली होतीत?"

मी देवघरात जाऊन उगीच समई पुसत बसलो.

शेवटी तोडगा काढला तो शीतलनंच. म्हणाली, "सरपंचांना इंग्रजी येत नाही. कुणीतरी दुभाषी लागणारच. मी बसते शेजारी."

"पण तू जागा त्यांना मिळवून देशील की गं."

"बघू तर, सर. निदान मला तिकडच्या माणसांशी गाईबद्दल बोलायला तरी मिळेल."

हे ती इतकं सरळ बोलली, की मला माझ्या फळ्यावरच्या सगळ्या तासांची लाज वाटली.

गुरुवारी शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत सगळी तयारी. मोठ्या पडद्यासमोर टेबल, टेबलावर गुच्छ, मागं गावचे मानकरी ओळीनं बसलेले. मधल्या खुर्चीत सरपंच, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, आणि उकाड्यातसुद्धा अंगात तो स्वेटर, का तर वहिनींनी सांगितलं, तिकडच्या लोकांना दिसू दे, तयारी हाय. घामाच्या धारा. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला शीतल. रामदास दाराशी उभा, टोपी हातात घेऊन.

पडद्यावर हॉलंडच्या बाई आल्या. पन्नाशीच्या, केस आखूड, पायात गमबूट. थेट गोठ्यातूनच बोलत होत्या, मागं गाई दिसत होत्या. त्यांनी सरपंचांकडं बघितलं, जरा पुढं वाकून परत बघितलं, हातातल्या कागदाकडं बघितलं. तरुण उमेदवार कुठंय, हे त्या शोधत असणार. पण सभ्य बाई, काही बोलल्या नाहीत. पहिला प्रश्न विचारला. गाय आजारी पडणार हे तुम्ही आधी कशावरून ओळखता?

शीतलनं प्रश्न मराठीत सांगितला. भाऊसाहेब उठून उभे राहिले. बसून बोलायची सवयच नाही त्यांना.

"सर्वप्रथम या ठिकानी उपस्थित असलेल्या हॉलंडच्या ताई, व्यासपीठावरील सर्व मान्यवर आनि माझ्या बंधू-भगिनींनो. आज या ठिकानी मला मनापासून आनंद होतोय, की आपल्या या छोट्याशा गावाला..." असे ते बराच वेळ बोलले. त्यात धरण आलं, रस्ते आले, स्मशानभूमीची भिंत आली. गाय काही आली नाही.

ते बसले. शीतल उठली आणि बाईंना इंग्रजीत म्हणाली, "गाय आजारी पडायच्या आधी वैरण अर्धी सोडते. रवंथ कमी करते. मी कान हातात धरून बघते. कान गार लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलावते." एवढंच. बसली.

सरपंच माझ्या कानाशी लागले. "मास्तर, मी येवढं बोललो, आन हिनं येवढंसंच कसं सांगितलं?"

"इंग्रजीला जागा कमी लागते," मी म्हणालो.

बाईंनी पुढचं विचारलं. पुढचंही तसंच झालं. तिकडं भाषण, इकडं तीन वाक्यं. बाई आता सरपंच बोलत असताना सरपंचांकडं बघतच नव्हत्या. त्या शीतल तोंड कधी उघडते याची वाट बघत होत्या. मग त्यांनी हसत विचारलं, तुमच्या आवडत्या गाईचं नाव काय?

भाऊसाहेबांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि शीतलकडं वळून हळूच म्हणाले, "आपल्या एखाद्या गाईचं नाव काय गं पोरी?"

"तुमच्या घरची मोठी गाय सोनी आहे, काका. माझी मैना."

मागं बसलेले मानकरी खाली बघायला लागले. बाईंना मराठी कळत नव्हतं, पण एवढं कुणालाही कळलं असतं. त्यांनी हातातला कागद वर धरला आणि मला विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत ना? मग मला सांगा, तुमच्या शेजारी जी मुलगी बसलीय, ती कोण?"

एका बाजूला पाटाचं पाणी, दुसऱ्या बाजूला दाराशी उभा रामदास. पण शीतल माझ्याकडं बघत नव्हती, खाली हाताकडं बघत होती, आणि ते मला सहन झालं नाही. मी उभा राहिलो आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीत मुद्दा पहिल्या वाक्यात सांगितला.

"मॅडम, उमेदवार ही आहे. बाकी आम्ही सगळे व्यासपीठ."

मग सगळं सांगितलं. आमच्याकडं आधी नावं घेतात, नावं घेता घेता चौकट भरली, आणि जिचं काम होतं ती शेवटी राहिली. बाई ऐकत होत्या. आधी भुवया वर गेल्या, मग त्या इतक्या हसल्या की मागची गाय दचकली. डोळे पुसून म्हणाल्या, "आज माझं ऑफिस बंद व्हायच्या आत मला नवा परिच्छेद पाठवा. एकच माणूस. चार वाक्यं." आणि पडदा काळा झाला.

आता खरी वेळ आली. सरपंच माझ्याकडं बघत होते. "काय म्हनल्या बाई?"

मी शीतलकडं बघितलं. शीतलच म्हणाली, "काका, त्या म्हणतात, जायचं तर मी जायचं. तुम्ही नाही."

भाऊसाहेबांनी टोपी काढली. टेबलावर ठेवली. "म्हंजी मला जायाचं न्हाई?"

"नाही, काका."

"नक्की न्हाई? पुन्हा फोन बिन करून बोलावनार न्हाईत?"

"नाही."

त्यांनी तो स्वेटर डोक्यावरून ओढून काढला, शेजारच्या खुर्चीवर फेकला आणि खुर्चीत मागं पडले. "पानी द्या रे कुनीतरी." पाणी प्याले, उरलेलं तोंडावर मारलं. "मास्तर, तो फ्लेक्स लागल्यापासनं माझ्या डोळ्याला डोळा न्हाई. विमानाला मी जल्मात हात लावला न्हाई. शेण काढायचं, पाव खायचा, आन वर त्या उपसरपंचाच्या हातात चार्ज द्यायचा. मी म्हनलं, गेलो आता. पन म्हनू कुनाला? गावानं येवढा मान दिला."

"मग मला तेव्हा सांगायचं ना, साहेब," मी म्हणालो. "मी तुम्हाला भीती घालायलाच आलो होतो."

"व्हय? मला वाटलं, तुमी माझी तयारी बघायला आला."

दोघंही एकमेकांकडं बघत राहिलो, आणि मग जे हसलो, ते मागं बसलेल्या चेअरमनना कळेना की यांना झालं काय. माझ्या छातीवरची धोंड उतरली म्हणतात ना, तसं झालं अगदी. दाराशी रामदास टोपीनं डोळे पुसत होता.

नवा परिच्छेद तिथंच लिहिला. एका बाजूला शीतल, दुसऱ्या बाजूला सरपंच पहाऱ्याला. सवय बघा माझी, पहिलाच शब्द बोटातून आला, 'सरपंचांच्या मार्गदर्शनाखाली'. भाऊसाहेबांनी माझा हातच धरला. "मास्तर, पाया पडतो, माझं नाव घालू नका. चुकूनसुदिक न्हाई."

मग लिहिलं. शीतलला गाईची भाषा कळते. ती कान बघून आजार ओळखते. गावातले लोक डॉक्टरच्या आधी तिला बोलावतात. तिला शिकायचं आहे, आणि शिकून ती परत येणार आहे. चौकट निम्मी रिकामीच राहिली. मला ती उघडी उघडी वाटायला लागली, पण शीतलनं माझ्या हातातून फोन घेतला आणि बटण दाबलं.

रविवारी निरोप आला, निवड झाली म्हणून. यावेळी मी आधी मनात वाचलं. तीनदा. मग रामदासच्या घरी पळत गेलो. त्यानं तिथूनच पुणतांब्याला फोन लावला आणि सांगितलं, पोरगी परदेशी चाललीय, आता लग्नाचं काही बघत नाही. त्या माणसांनीही वाकडं घेतलं नाही, उलट हॉलंडला काय मिळतं ते विचारत बसले. शीतलची आई आतून साखर घेऊन आली आणि आधी माझ्या हातावर ठेवली. मी ती साखर खाल्ली, आणि खरं सांगतो, त्या पेढ्यानंतर पहिल्यांदा कशाची तरी चव लागली.

फ्लेक्सचं तेवढं राहिलं होतं. सरपंच म्हणाले, नवा कशाला, आहे त्याच्यावर चेहरा चिकटवा. सलीमभाईनं चिकटवला. त्यामुळं शीतल जाईपर्यंत वेशीवर पांढऱ्या सदऱ्यातली, खिशाला पेन लावलेली शीतल उभी होती, आणि डोक्यावर 'युवा नेतृत्व'. पहिल्यांदाच आमच्या गावच्या फ्लेक्सवर खरं लिहिलं गेलं, असं बायको म्हणते.

आता ती तिकडं आहे. मजेत आहे. गेल्या आठवड्यात तिथं सगळ्या मुलांना एक परिच्छेद लिहायला सांगितला, 'मी इथे कशी पोचले'. तिनं तो मला पाठवला, सर एकदा तपासा म्हणून. मी डेअरीवरच उघडला. सरपंच शेजारी उभे होते.

काय लिहिलंय म्हणून सांगू! मुद्दा पहिल्या वाक्यात. मैना गाय, आईनं पहाटे शिकवलेली धार, बापानं पुणतांब्याला केलेला फोन, एकेक वाक्य जागच्या जागी. एक शब्द हलवायची सोय नाही. मास्तर म्हणून ऊर भरून आला माझा.

"माझं नाव न्हाई ना त्यात?" सरपंचांनी घाबरत विचारलं.

"नाही."

"सुटलो. आन तुमचं?"

मी वरून खाली वाचलं. पुन्हा वरून खाली वाचलं. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"आहे ना," मी म्हणालो. "अगदी शेवटी आहे. 'माय टीचर ऑल्सो.'"